जुनी मॅन्युअल टेली लेन्स: 200, 300 की आरशाची 500?

हिवाळ्यात रोहित पक्षी आले की नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींकाठी मोठ्या लेन्सेसची गर्दी होते आणि किट लेन्सवाल्याचा जीव खालीवर होतो. नवी टेली (दूरचं मोठं दाखवणारी लेन्स) परवडत नाही, मग नजर जाते जुन्या मॅन्युअल फोकस लेन्सेसकडे. सेकंडहँडमध्ये तीन पर्याय सारखे समोर येतात: निकॉर (निकॉनच्या लेन्सचं नाव) 200 एमएम एफ/4, निकॉर 300 एमएम एफ/4.5 आणि रशियन आरशाची (आत आरसे असलेली) 500 एमएम एफ/8. बहुतेकांनी 200 घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण लेन्सच्या आधी बॉडी बघा, निम्मा निर्णय तिथेच होतो. मिररलेस (डीएसएलआरसारखा आत आरसा नसलेला कॅमेरा) असेल तर प्रश्नच नाही. सोनी ई माउंटमध्ये माउंटपासून सेन्सरचं अंतर 18 मिमी, जुन्या निकॉनमध्ये 46.5 मिमी, मधली जागा भरायला साधी पोकळ रिंग पुरते. मेनूत ‘लेन्स नसताना शटर’ चालू करायचं, की झालं. कॅननच्या डीएसएलआरवर (44 मिमी) निकॉर आणि एम42 (जुना स्क्रू माउंट, 45.46 मिमी) दोन्ही पातळ रिंगवर बसतात. गंमत म्हणजे कॅननचीच जुनी एफडी (मॅन्युअल काळातली लेन्स) बसत नाही. तिचं अंतर 42 मिमी, त्यामुळे काच असलेल्या अडॅप्टरशिवाय दूरचा फोकस मिळत नाही. निकॉन डीएसएलआरवाल्यांनी एआय किंवा एआय-एस (मॅन्युअल निकॉरच्या नंतरच्या पिढ्या) निकॉरच घ्यावी. डी7200, डी750 वर फोकल लेंग्थ आणि अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं भोक) मेनूत भरलं की मीटर (प्रकाश मोजणारा) चालतो. डी3500, डी5600 वर लेन्स बसते, पण मीटर मुका. एक्स्पोजर हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघून ठरवायचं.

आता फोकस. एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर, 20 मीटरवरच्या पक्ष्यासाठी, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवलं तर 200 ला साधारण 1.6 मीटर खोलीपर्यंत चित्र तीक्ष्ण मिळतं. 300 ला तेच 80 सेंटिमीटर, 500 ला जेमतेम 50. चिखलात चोच घालून चरणारा रोहित 200 वर सहज सापडतो. तोही पावलं टाकतच असतो, पण सावकाश. 500 वर तो दोन पावलं पुढे सरकला की रिंग पुन्हा फिरवा. पीकिंगच्या (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) रंगीत कडांवर फार विसंबू नका, व्ह्यूफाइंडरमध्ये मोठं करून डोळा तपासा. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये नुसत्या नजरेने हे जमणं कठीण, तिथे ट्रायपॉड आणि लाइव्ह व्ह्यू.

प्रकाशाचा हिशोब 500 च्या आणखीच विरुद्ध जातो, कारण एफ/ चा आकडा मोठा तितका प्रकाश कमी. एफ/4 वर आयएसओ 400 ला 1/500 मिळत असेल, तर एफ/8 वर त्याच शटरसाठी 1600 लागतो, आणि मधला छोटा आरसा थोडा प्रकाश अडवतो तो वेगळाच. अ‍ॅपर्चर बदलता येत नाही. मागे उन्हात चमचमणारं पाणी असलं की प्रत्येक चमक मेदूवड्यासारखी, मध्ये भोक पडलेली उमटते, आणि आपल्याकडे पक्ष्यामागे पाणी असतंच. ऐरोलीच्या रोहित दाखवणाऱ्या बोटीवर तर ही लेन्स काढूच नका. डुलत्या बोटीत फ्रेम सापडेपर्यंत थवा मागे पडलेला असतो. तिची एक बाजू मात्र खरी: आरशामुळे कडांना जांभळी झालर जवळपास येत नाही, आणि 500 एमएमच्या मानाने ती आखूड आणि हलकी असते.

ती झालर निकॉरचं दुखणं आहे. भर उन्हातला पांढरा बगळा हा 200 चा सर्वात वाईट विषय. एफ/5.6 केलं तर बरीच कमी होते, उरलेली रॉ (कच्ची) फाइल एडिट करताना. 300 घेत असाल तर सोनेरी कडं असलेली ईडी (झालर कमी करणाऱ्या खास काचेची) शोधा, साधी घेऊ नका. ईडी या तिघींत चित्राला सर्वात चांगली, पण किलोभर वजनाची. ट्रायपॉड नेणाऱ्याने घ्यावी, लोकलने गळ्यात अडकवून फिरणाऱ्याने नव्हे. 200 अर्ध्या किलोच्या आसपास, 52 मिमी फिल्टर, अंगचाच हुड, दोन मीटरपर्यंत जवळचा फोकस. एपीएस-सीवर दृश्य 300 एमएमइतकं दिसतं. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) असेल तर मेनूत मात्र 200 च भरा, 300 नाही.

उडते पक्षी, येऊरच्या झाडीतली चुळबुळती पाखरं किंवा मुलांच्या मॅचेस टिपायच्या असतील, तर या तिन्ही सोडा आणि वापरलेली कॅनन 55-250 एसटीएम किंवा निकॉन एएफ-पी 70-300 घ्या. (एएफ-पी आपल्या निकॉन बॉडीवर चालते का, ते आधी विचारा, जुन्या बॉडींवर चालत नाही.) आणि ठाण्याच्या तलावपाळीवर संध्याकाळी माणसं टिपायची असतील, तर जुनी 135 एमएम एफ/2.8 या तिघींपेक्षा जास्त मजा देईल.

विकत घेताना लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, एकसारखं धुकं म्हणजे आतल्या वंगणाची वाफ. अ‍ॅपर्चरच्या पात्या तेलकट नकोत. फोकस रिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवा. जुनं ग्रीस घट्ट झालं असेल तर पक्षी सापडणार नाही. घरी हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवा, काटा 40 ते 50 टक्क्यांत राहू द्या. ठाण्याच्या पावसाळ्यात कापडी बॅगेतली लेन्स बुरशी धरते, आणि बुरशी लागलेली स्वस्त लेन्स बाकीच्यांच्या डब्यात ठेवण्यापेक्षा दुकानातच सोडलेली बरी.