हास्केलच्या पहिल्या स्वाध्यायावर अभिप्राय: पाच महिने वापरून पाहिल्यावर

पुण्यातल्या शनिवारच्या एका छोट्या अभ्यासवर्गात नवशिक्यांना हास्केल या प्रोग्रामिंग भाषेचा पहिला स्वाध्याय म्हणून दुधाच्या रतिबाचा हिशेब दिला जातो. रोजच्या लिटरांची यादी, खाड्याच्या दिवशी शून्य. खाडे वगळून रोजची सरासरी काढायची. यादी १, १.५, ०, १, २ अशी असेल तर ५.५ भागिले ४, म्हणजे १.३७५. फिल्टर (अटीत बसणारे आकडे ठेवतं), सम (बेरीज) आणि लेंग्थ (यादीची लांबी) ही तीन फंक्शन्स पुरतात.

या एकाच स्वाध्यायावर चार ठिकाणांहून अभिप्राय घेऊन पाहिला: हास्केलचा जीएचसी कंपायलर, क्विकचेक (आपोआप उदाहरणं बनवून कोड तपासतं), एचलिंट (कोड सुबक करायच्या सूचना देतं) आणि जाणकार माणूस. चारही उपयोगी आहेत, पण याच क्रमाने घेतले तर. एचलिंट आधी आलं की शिकणारा कोड सुबक करत बसतो आणि खाली दाखवलेली रिकाम्या यादीची चूक तशीच राहते.

हास्केल इन्स्टॉल करायला जीएचसीअप हा इन्स्टॉलर वापरा आणि त्यात 'रेकमेंडेड' लिहिलेली आवृत्तीच घ्या. सगळ्यात नवी घेतली तर एडिटरला जोडणारा लँग्वेज सर्व्हर तिला चालेलच असं नाही. डिस्कवर काही जीबी जागा लागते. डाउनलोड गुरुवारी सुरू करू नका. पुण्यात देखभालीसाठी वीज बहुधा त्याच दिवशी जाते. लॅपटॉपची रॅम ४ जीबी असेल तर लँग्वेज सर्व्हरचा नाद सोडा आणि जीएचसीआयडी लावा. फाइल सेव्ह केली की ते लगेच चुका दाखवतं.

कंपायलर

सी++ शिकून आलेल्यांची पहिली चूक जवळपास ठरलेली: बेरीज भागिले लेंग्थ. कंपायलर म्हणतो, फ्रॅक्शनल इंटचा इन्स्टन्स नाही. कारण साधं आहे. लेंग्थ नेहमी इंट (पूर्णांक) देतं, आणि तिरप्या रेघेचा भागाकार इंटवर चालत नाही. मग कोणीतरी फ्रॉमइंटिग्रल हे पूर्णांकाचा संख्याप्रकार बदलणारं फंक्शन सुचवतं आणि ते बेरजेला लावलं जातं. आता दुसरी तक्रार येते, कारण बेरीज डबल (दशांशाची संख्या) आहे आणि फ्रॉमइंटिग्रलला पूर्णांक हवा. ते लेंग्थलाच लावायला हवं.

हे सांगून टाकण्यापेक्षा टाइप्ड होल वापरायला शिकवा. फंक्शनवर आधी टाइप सिग्नेचर, म्हणजे ते काय घेतं आणि काय देतं, लिहा: डबलची यादी घेऊन डबल. मग लेंग्थच्या आधी, फंक्शनच्या जागी, नुसता अंडरस्कोर टाका. कंपायलर सांगतो की इथे इंटवरून डबल देणारं फंक्शन हवं, आणि बसतील अशा नावांमध्ये फ्रॉमइंटिग्रलही दाखवतो. एकदा असं स्वतः शोधलं की ती चूक सहसा पुन्हा होत नाही. नवशिक्याला मिळू शकणारा हा सर्वांत चांगला अभिप्राय आहे, आणि तो फुकट आहे.

वॉल हा कंपायलरचे जादा इशारे दाखवणारा फ्लॅग पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. तो नसेल तर रिकाम्या यादीची ओळ न लिहिलेलं रिकर्शन (स्वतःलाच बोलावणारं फंक्शन) निमूटपणे कंपाइल होतं आणि चालवताना कोसळतं. फ्लॅग असला की कोणता पॅटर्न राहिला ते नेमकं कळतं. सिग्नेचर विसरलात तरी तो टोकतो.

दोन ठिकाणी मात्र संदेशावरून खरी चूक पटकन कळत नाही. सम, फिल्टर, अट, यादी हे कंसाशिवाय ओळीने लिहिलं की कंपायलर टाइप जुळत नसल्याची तक्रार करतो. खरं तर फिल्टरपासून पुढच्या भागाला कंस हवा. दुसरं, प्रत्येक दिवसातून एक लिटर वजा करायला मॅपला (यादीतल्या प्रत्येक आकड्याला फंक्शन लावतं) कंसात 'उणे १' देतात. तो सेक्शन (एक बाजू रिकामी ठेवलेली क्रिया) नाही, ती नुसती ऋण संख्या आहे. तिथे सबट्रॅक्ट १ लिहा.

क्विकचेक

कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी २००० साली मांडलेलं हे साधन पहिल्या स्वाध्यायाला जड वाटेल, पण इथे त्याचं मोल सर्वांत जास्त दिसलं. गुणधर्म एकच लिहायचा: यादीत आणखी एक खाडा घातला तर सरासरी बदलू नये. चालवलं की पहिल्याच चाचणीत नापास, आणि दाखवलेलं उदाहरण म्हणजे रिकामी यादी. शून्य भागिले शून्य म्हणजे नॅन ('ही संख्या नाही' असं उत्तर), आणि नॅन स्वतःच्याही बरोबरीचा नसतो. महिनाभर घर बंद असेल तर रतिबाच्या वहीत हेच होतं: सगळे खाडे, सरासरी काढायला काहीच नाही.

उपाय म्हणजे उत्तराचा टाइप मेबी डबल, म्हणजे 'डबल असेल किंवा काहीच नसेल', असा करणं. खाडे वगळून काही उरलं नाही तर नथिंग, नाहीतर जस्ट आणि सरासरी. मग १०० चाचण्या पार पडतात; ठरवून दिला नाही तर आकडा हाच असतो.

एक इशारा. सरासरी सर्वांत लहान आणि मोठ्या आकड्याच्या मध्येच असावी, हा गुणधर्म डबलवर जसाच्या तसा लावू नका. ०.१ तीनदा घेऊन सरासरी काढली तर ०.१०००००००००००००००२ येतं, ०.१ पेक्षा किंचित जास्त. शिकणारा आपल्या कोडमध्ये नसलेली चूक शोधत बसतो. थोडी सूट ठेवून तुलना करा किंवा रॅशनल (अचूक अपूर्णांक) वापरा.

एचलिंट

नील मिचेल यांचं हे साधन फक्त कोडची रचना पाहतं, टाइप तपासत नाही. त्यामुळे वरची नॅनची चूक त्याला दिसणं शक्यच नाही. लेंग्थ शून्याशी ताडून पाहिली तर नल (यादी रिकामी आहे का ते सांगणारं फंक्शन) सुचवतं, इफमधून ट्रू-फॉल्स परत दिलं तर नुसती अट पुरेल म्हणतं, जादा कंस दाखवतं. हे सगळं योग्यच आहे.

अडचण येते ती हाताने लिहिलेल्या रिकर्शनपाशी. बेरजेचं फंक्शन दोन ओळींत स्वतः लिहिलं की ते लगेच फोल्डआर (यादी उजवीकडून एकत्र करत नेणारं तयार फंक्शन) सुचवतं. शिकणारा सूचना स्वीकारतो, कोड चालतो, आणि फोल्डआर आतून काय करतं हे कळायचं राहूनच जातं. म्हणून प्रोजेक्टच्या एचलिंट यामल या सेटिंगच्या फाइलमध्ये 'यूझ फोल्डआर', 'यूझ मॅप' आणि 'ईटा रिड्यूस' (दोन्ही बाजूंच्या शेवटी येणारं नाव गाळा) या तीन सूचना इग्नोर कराव्यात.

माणूस

इथे दर्जा सर्वांत कमी-जास्त होतो. सगळ्यात वाईट अभिप्राय म्हणजे अख्खं फंक्शन लिफ्टए२ आणि डॉट ही फंक्शनं जोडायची साधनं वापरून एका ओळीत परत लिहून देणं. नवशिक्याला त्यातून काहीच घेता येत नाही. चांगला अभिप्राय एक इनपुट देतो: 'सगळे खाडे असलेली यादी देऊन बघ.'

विचारणाऱ्यानेही तयारी करावी. टाइप सिग्नेचर, पूर्ण कोड, दिलेली यादी, अपेक्षित आणि आलेलं उत्तर, आणि कंपायलरचा संदेश पहिल्या ओळीपासून, मजकूर म्हणून. मोबाइलने काढलेल्या स्क्रीनच्या फोटोवर कोणी नीट उत्तर देऊ शकत नाही. 'कोड कसा आहे?' असं न विचारता 'मेबी इथे हवा का, की रिकाम्या यादीला शून्य चालेल?' असं विचारा. याचं उत्तर कोणतंही साधन देत नाही, कारण ते वही कशासाठी ठेवली आहे यावर ठरतं. बिलाला शून्य बरोबर आहे, सरासरीला नाही.

इग्नोर केलेल्या तीन सूचना शिकणाऱ्याने बेरीज, मॅप आणि फिल्टर ही तिन्ही हाताने लिहून दाखवल्यावर एकेक करून काढाव्यात. 'ईटा रिड्यूस' सगळ्यात शेवटी.