लिमिट होल्डेममधे कॉल करायचा की फोल्ड? तीन पत्ती खेळून आलेल्यांसाठी तुलना

आखाजी जवळ आली की आपल्याकडे जळगाव-धुळ्याला पत्ते निघतातच, आणि आता तीन पत्ती, रमीच्या जोडीला होल्डेमचा डावही बसतो (पोकरचा प्रकार: प्रत्येकाच्या हातात दोन झाकली पानं, मधे सगळ्यांची मिळून पाच उघडी). पण बसणारे बहुतेक जण तीन पत्तीची सवय घेऊन येतात, म्हणजे सुरुवातीला "बघू तरी" म्हणून चाल देत राहायचं आणि शेवटी मोठा पॉट (मधे जमलेला ढीग) दिसला की घाबरून पॅक करायचं. लिमिटमधे, म्हणजे बेट आधीच ठरलेली असते त्या होल्डेममधे, हे बरोबर उलटं करावं लागतं भो. सुरुवातीला फोल्ड (पॅक) कडक आणि शेवटी कॉल (समोरच्याएवढंच भरणं) सढळ, हे माझं ठाम मत आहे आणि ते का ते खाली सांगतो.

आधी एक गोष्ट, हे सगळं चिंचोके किंवा चिप्सवरच्या खेळासाठी आहे. पैसे लावून ऑनलाइन खेळायला 2025 च्या कायद्याने देशभर बंदी आहे, त्या नादी लागू नका.

लिमिटमधे बेट फिक्स असते. 10-20 चा डाव घ्या, पानं वाटल्यावर आणि फ्लॉपला (मधली पहिली तीन पानं) बेट 10 ची, टर्न (चौथं पान) आणि रिव्हरला (पाचवं) 20 ची, आणि एका राउंडला साधारण एक बेट आणि तीन रेज (बेट वाढवणं) झाल्या की कॅप, पुढे वाढवता येत नाही. नो-लिमिटमधे समोरचा अख्खा ढीग पुढे सरकवून तुमचा कॉल महाग करू शकतो, इथे त्याला ते करताच येत नाही. पॉट फुगत जातो आणि कॉलची किंमत तेवढीच राहते, सगळा हिशोब यातूनच निघतो.

पानं वाटल्यावर मात्र पॉटमधे काहीच नसतं, तिथे फोल्ड जिंकतो. समोरच्याने रेज केलीय आणि तुमच्याकडे वेगवेगळ्या रंगाचे राजा-गुलाम किंवा एक्का-नऊ आहेत, तर टाकून द्या, कारण एक्का लागला तरी त्याच्याकडे एक्का-राजा असला की तुम्ही शेवटपर्यंत पैसे भरत बसता. छोटी जोडी असेल, पंजा-पंजा वगैरे, तर फ्लॉपला ट्रेल (तीन सारखी पानं) लागायचा भाव साधारण साडेसातास एक, म्हणजे साडेसात वेळा नाही तेव्हा एकदा लागतो, म्हणून पाच-सहा जण डावात असतील तर कॉल, एकटाच समोर असेल तर फक्त ट्रेलच्या आशेवर कॉल नको. कोणीच डावात आलं नसेल तर रेज नाहीतर फोल्ड, नुसता कॉल नको. 2015 मधे कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने सेफियस नावाचा प्रोग्राम दाखवला, ज्याने दोघांमधला लिमिट होल्डेम जवळपास पूर्ण सोडवलाय, तोसुद्धा पहिल्या चालीला नुसता कॉल जवळजवळ करतच नाही.

फ्लॉपला खरी गंमत आहे. इथे पानं बघून ठरवायचं नसतं, पॉट मोजून ठरवायचं असतं. कलरला (इथे एकाच रंगाची पाच पानं लागतात) एक पान कमी असेल तर 47 न दिसलेल्या पानांत 9 कामाची, म्हणजे पुढच्या पानाला भाव साधारण 4.2 ला 1. दोन्ही बाजूंनी उघडा सिक्वेन्स (चार पानं सलग, पाचवं कुठल्याही टोकाला चालेल) असेल तर 8 पानं, 4.9 ला 1. मधलंच पान पाहिजे असेल तर फक्त 4 पानं, जवळपास 10.8 ला 1. पॉट यापेक्षा जास्त भाव देत असेल तर कॉल, कमी देत असेल तर फोल्ड. आता हा शेवटचाच ड्रॉ (एका पानासाठी अडलेला हात) घ्या, तुमच्याकडे नव्वी-अठ्ठी, फ्लॉपला छक्की, पंजी आणि राणी, सत्तीच पाहिजे. चौघांनी 10-10 भरून फ्लॉप बघितला तर पॉट 40, एकाने बेट केली, एकाने कॉल, झाले 60, तुम्हाला 10 भरायचेत म्हणजे 6 ला 1, फोल्ड. पण रेज होऊन पाच जणांनी 20-20 भरले असतील तर पॉट 100, एक बेट एक कॉल धरून 120, म्हणजे 12 ला 1, कॉल. पानं तीच आणि निर्णय उलटा! मात्र तुमची सत्ती पडल्यावर दुसऱ्याचा कलर होत असेल तर ती पूर्ण धरू नका.

मोजायची सोपी रीत म्हणजे चिप्स नाही, बेट मोजा. फ्लॉपनंतर पॉटमधे 7 छोट्या (10 च्या) बेट असतील तर टर्नला त्या साडेतीन मोठ्या (20 च्या). बेट डबल झाल्यामुळे टर्नला भाव एकदम पडतो, म्हणून फ्लॉपला बरोबर असलेला कॉल इथे चुकीचा ठरू शकतो. पॉट 70, समोरच्याने 20 ची बेट केली, 90 ला 20 म्हणजे साडेचारास एक. कलरच्या ड्रॉला चालतं, त्याला आता 4.1 ला 1 लागतो. नुसती दोन मोठी पानं असतील, अजून जोडी नसेल, तर साडेसहाच्या वर भाव लागतो, फोल्ड.

रिव्हरला लोक सगळ्यात जास्त चुकतात. वरचाच डाव पुढे न्या, पॉट 110, समोरच्याने 20 लावले, 130 ला 20. तुमच्याकडे मधली जोडी (उघड्या पानांतल्या मधल्या पानाशी जुळलेली), हरल्यासारखं वाटतंय. सातदा कॉल केला आणि सहादा हरलात तर 120 गेले, एकदा जिंकलात तर 130 आले. म्हणजे सातात एकदा जरी तो खोटं खेळत असेल तरी कॉल फायद्याचा आहे आणि फोल्ड तोट्याचा. चुकीचा कॉल एक बेट घेतो, चुकीचा फोल्ड अख्खा पॉट घेऊन जातो. "मला माहितीच होतं" म्हणून पानं टाकणाऱ्याला ते सातातलं एक कधी दिसतच नाही. पण दोघं समोर असतील, एकाने बेट केली आणि दुसऱ्याने कॉल, तर तीच मधली जोडी फोल्ड करा, कारण कॉल करणाऱ्याकडे काहीतरी असतंच. आणि ड्रॉ लागलाच नाही, हातात काहीच नाही, तर पॉट कितीही मोठा असो, कॉल कशाचा करणार?

आता अवघड जागा, टर्नला तुमच्या बेटवर रेज आली आणि तुमच्याकडे एकच मोठी जोडी आहे. इथला कॉल एका बेटाचा नसतो, रिव्हरची पण भरावी लागणार हे धरूनच चला. पॉट 7 मोठ्या बेटांचा, त्याची रिव्हरची एक धरून 8, तुमच्या 2 (एक आता, एक रिव्हरला), म्हणजे 4 ला 1, पाचात एकदा जिंकायला पाहिजे. रेज करणारा दर दुसऱ्या हाताला रेज करणारा असेल तर शेवटपर्यंत कॉल करत जा. पण जो माणूस संध्याकाळभर नुसता कॉल करत बसलाय आणि टर्नला अचानक रेज करतो, त्याच्याकडे दोन जोड्या नाहीतर ट्रेल निघतो, तिथे एक्क्यांची जोडी असली तरी टाका.