वरखाली होणारं टेबल: काय बघून घ्यावं आणि घेतल्यावर काय करावं

दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीत घालवणाऱ्या माणसाला हल्ली पहिला सल्ला मिळतो तो 'स्टँडिंग डेस्क घे' असा. बटण दाबलं की मोटर गुरगुरते, टेबल वर येतं, माणूस हसतमुखाने उभा राहून काम करतो, असं जाहिरातीत दिसतं. टेबल खरंच कामाचं आहे. पण ज्या कारणासाठी ते विकलं जातं त्याच कारणासाठी घेतलं, तर तीन-चार आठवड्यांत वरखाली होणं थांबतं आणि उरतं ते एक जडशीळ साधं टेबल.

कॅलरींचा हिशेब आधी उरकून घेऊ. बसण्यापेक्षा उभं राहण्यात मिनिटाला साधारण ०.१५ किलोकॅलरी जास्त खर्च होते, म्हणजे तासाला नऊ. रोज तीन तास उभं राहिलं तर सत्तावीस. तेवढ्या दहा मिनिटं झपाझप चाललं तरी जातात. तेव्हा वजनासाठी घेत असाल तर इथेच थांबा.

१९५३ साली ब्रिटिश डॉक्टर-संशोधक जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसचालकांची आणि कंडक्टरांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असलेल्या चालकांपेक्षा डबलडेकरचे जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. (पुढे याच मंडळींनी गणवेशांची मापं तपासली, तर चालकांच्या कमरेचा घेर आधीपासूनच मोठा निघाला. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही.) कंडक्टर नुसता उभा नव्हता, हलत होता, एवढं त्यातून घ्यायचं. टेबल माणसाला उभं करतं, चालवत नाही. पण उभ्या माणसाला दोन पावलं टाकायला काही लागत नाही आणि बसलेल्याला उठायचाच कंटाळा असतो. हे टेबल घ्यायचं ते तो कंटाळा मोडण्यासाठी.

आता वस्तूकडे. सगळी किंमत पायांत असते. फ्रेम म्हणजे फळीखालचा पायांचा सांगाडा. एका मोटरच्या फ्रेममध्ये मोटर एका पायात बसते आणि आडव्या दांडीने दुसरा पाय फिरवते. आवाज जास्त, वेग सेकंदाला २५ मिमीच्या आसपास. दोन मोटरच्या फ्रेममध्ये प्रत्येक पायाला स्वतःची मोटर असते आणि वेग ३५ ते ४० मिमीपर्यंत जातो. ६५ ते १०५ सेमी हे अंतर एक जण सोळा सेकंदांत कापतो, तर दुसरा दहा-अकरा. फरक किरकोळ वाटतो, पण दिवसातून सहा वेळा करायची गोष्ट असेल तर जाणवतो. हँडल फिरवून वर नेण्याचे प्रकार याच कारणाने बाद करावेत. मिनिटभर हँडल फिरवायचं तर 'आत्ता राहू दे' हा विचार हटकून जिंकतो.

त्याहून महत्त्वाचे आहेत पायांचे टप्पे. दोन नळ्या एकमेकींत सरकणारे पाय साधारण ७० सेमीच्या खाली जात नाहीत. तीन नळ्यांचे ६० ते ६२ पर्यंत उतरतात. विक्रेते वरची उंची मोठ्या अक्षरांत सांगतात, पण जास्त लोकांचं अडतं ते खाली. उभं असताना जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची माणसाच्या एकूण उंचीच्या सुमारे ६३ टक्के असते. १६५ सेमी उंचीच्या माणसाला १०४ सेमी पुरे, १८५ वाल्याला ११७. हे बहुतेक फ्रेमना जमतं. पण १५५ सेमी उंचीच्या व्यक्तीला बसल्यावर टेबल हवं ६० ते ६३ सेमीवर. ७० ची फ्रेम, वर २५ मिमीची फळी, झाले साडेबहात्तर. मग खांदे उचलून टायपिंग किंवा खुर्ची वर करून लोंबकळते पाय, आणि दोन महिन्यांनी मान धरली की दोष खुर्चीला. ठेंगण्या माणसाने तीन टप्प्यांचेच पाय घ्यावेत. नाहीतर पायाखाली पाट हवाच.

वापरणाऱ्याने स्वतःचं माप आधी घ्यावं. बूट किंवा चप्पल जे घालून काम करणार ते घालून, खांदे सैल सोडून, कोपर काटकोनात आणि कोणीतरी टेप धरलेला. एकदा उभ्याने, एकदा नेहमीच्या खुर्चीवर पाय जमिनीला टेकवून. या दोन आकड्यांतून फळीची जाडी वजा करायची. जे उरेल ते फ्रेमच्या खालच्या आणि वरच्या टोकाच्या मध्ये बसलं पाहिजे.

दुसरी परीक्षा डुगडुगण्याची. नळ्या जितक्या बाहेर येतात तितकी एकमेकींवरची पकड कमी होते, म्हणून ७५ सेमीवर दगडासारखं वाटणारं टेबल ११० वर होडी होतं. दुकानात टेबल आपल्या उभ्या उंचीला न्यावं, कडेला पाण्याने भरलेला ग्लास ठेवावा आणि नेहमीच्या जोराने अर्धं पान टाइप करावं. पाण्यावर बारीक लहरी उठल्या तर चालतं. पाणी या काठावरून त्या काठाला हेलकावत असेल, तर मॉनिटर आर्मवर (टेबलाच्या कडेला बसवायच्या दांडीवर) लावलेला स्क्रीन त्याहून जास्त हलेल आणि संध्याकाळी डोळे दुखतील. पुढे-मागे हलणं हे बाजूला हलण्यापेक्षा वाईट, कारण स्क्रीन जवळ-लांब होतो. जाड गालिच्यावर चांगली फ्रेमही हलते.

फळी २५ मिमीची घ्या, १८ ची नको, आणि शक्यतो एकसंध. खोक्याचा आकार लहान ठेवायला दोन तुकड्यांची फळी देतात. जोड नेमका माऊसखाली येतो आणि वर्षभरात मधोमध झोल पडतो. फळीची पुढून मागपर्यंतची खोली किमान ७० सेमी हवी. ६० सेमीवर २७ इंची स्क्रीन ठेवला की तो नाकाशी येतो, कारण स्टँडच पंधरा-वीस सेमी खातो. स्क्रीन हातभर अंतरावर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी.

जोडणी दोघांनी तास-दीड तासात होते. चुका ठरलेल्या असतात. सगळे बोल्ट आधी हाताने अर्धे बसवायचे, फ्रेम फळीवर सरळ झाली की मग आळीपाळीने आवळायचे. एक बाजू आधीच घट्ट केली तर पाय समांतर राहत नाहीत, नळ्या तिरक्या सरकतात आणि वर जाताना कुईकुई ऐकू येते. फळीला आधी भोकं नसतील तर स्क्रूपेक्षा बारीक ड्रिलने पाडून घ्यावीत आणि ड्रिलच्या पात्याला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करावी. स्क्रू फळीच्या जाडीपेक्षा निदान ४-५ मिमी आखूड हवा. हे विसरलेलं टेबल ओळखू येतं: वरच्या चकचकीत पृष्ठभागावर चार फुगवटे. उलटं जोडलेलं टेबल सरळ करताना फ्रेमला धरून उचलायचं. फळीला धरलं तर तीस-चाळीस किलोचा सगळा भार भुशाच्या बोर्डातल्या स्क्रूंवर येतो आणि ते जागेवरच सैल होतात.

वायरींचं गणित लोक शेवटी करतात आणि पहिल्याच दिवशी मॉनिटरची केबल उपटून निघते. टेबल ६५ सेमी वर जाणार असेल, तर जमिनीवरच्या सीपीयूकडे जाणाऱ्या प्रत्येक वायरला तेवढा अधिक वीसेक सेमीचा ढील लागतो. सोपा मार्ग म्हणजे एक्स्टेन्शन बोर्ड फळीच्या पोटालाच पक्का बसवायचा आणि चार्जर, अडॅप्टर सगळं तिथे खोचायचं. मग भिंतीकडे एकच वायर उतरते आणि ढील तिलाच ठेवायचा. सीपीयू असेल तर तोही पायालाच टांगावा.

धडक लागली की थांबण्याची सोय जवळपास सगळ्यांत असते, पण तिच्या भरवशावर राहू नये. मोटरवरचा भार वाढला किंवा फळी कलली की कंट्रोल बॉक्सला, म्हणजे मोटरी चालवणाऱ्या डब्याला, कळतं. म्हणजे आधी दाब पडतो, मग टेबल थांबतं. कडक खिडकीच्या चौकटीला ते पटकन थांबेल. खुर्चीचा मऊ हात खाली सापडला तर तो दबेपर्यंत टेबलाला पत्ता नसतो. खाली नेताना खुर्ची मागे ओढायची सवय लावावी. उलट सगळं वजन एका कोपऱ्यात ठेवलं तर काहीही न लागता टेबल मध्येच अडतं. तेव्हा वजन पसरवून बघावं, मगच मेकॅनिकला फोन.

चालू असताना वीज गेली की एक पाय वर, एक खाली असं होऊ शकतं, किंवा आकड्यांच्या जागी काहीतरी अगम्य अक्षरं येतात. घाबरायचं कारण नाही. मोटर किती फिरली हे मोजून टेबल आपली उंची ठरवतं, आणि ती मोजणी चुकलेली असते. खालचं सगळं सामान काढा, खालचं बटण दाबून टेबल तळाला न्या, बटण सोडा आणि पुन्हा तेच पाच-दहा सेकंद दाबून धरा. टेबल किंचित आणखी खाली जाऊन परत वर येतं आणि हिशेब शून्यापासून सुरू होतो. मुलांनी झोपाळा समजून सतत वरखाली केलं तर मोटर तापून बंद पडते. बऱ्याच फ्रेमवर दोन मिनिटं चालवली तर अठरा मिनिटं विश्रांती असं लिहिलेलं असतं. वीसेक मिनिटं थांबलं की सुरू होते.

एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. नुसत्या लॅपटॉपवर काम करणाऱ्याला या टेबलाचा जवळपास उपयोग नाही. लॅपटॉपचा कीबोर्ड कोपराच्या उंचीला आणला की स्क्रीन छातीशी राहतो, स्क्रीन डोळ्यांशी नेला की मनगटं दुमडतात. उभ्याने मान आणखीच वाकते. पैसे मोजकेच असतील तर आधी वेगळा कीबोर्ड, माऊस आणि लॅपटॉपखाली स्टँड. टेबल नंतर.

वापराबद्दल. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या संस्थांनी नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटाने कार्यालयीन लोकांसाठी रोज दोन तास उभं राहणं किंवा हलकी हालचाल, आणि हळूहळू चार तासांपर्यंत, असं सुचवलं. पहिल्याच दिवशी चार तास उभं राहणारा पाचव्या दिवशी टाचा चोळत बसतो. सुरुवात पंधरा मिनिटं, दिवसातून चार वेळा. गुडघे ताठ अडकवून उभं राहू नये, एक पाय आळीपाळीने बुटक्या स्टुलावर ठेवावा, पायाखाली जाड मऊ मॅट असावी. घड्याळाचा गजर लावू नका, दोन दिवसांत तो हात आपोआप बंद करतो. त्यापेक्षा कामाशी गाठ मारा: कॉल आला की वर, मेल उत्तरं उभ्याने, जेवणानंतरचा पहिला अर्धा तास उभ्याने. बारीक माऊसकाम आणि डोकं खुपसून करायचं लिखाण बसूनच होतं, तिथे हट्ट नको. गुगल कॅलेंडर आणि आउटलुक दोन्हींत मीटिंग आपोआप पाच-दहा मिनिटं आधी संपवण्याची सेटिंग आहे. ती चालू केली की टेबल बदलायला आणि पाणी भरून आणायला फट मिळते. ती फट चालण्यात गेली तर टेबलाचे पैसे वसूल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम मात्र वेगळाच करायचा, तो यात धरू नका.

पायांच्या शिरा फुगलेल्या असतील, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल किंवा टाच आधीच दुखत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

आणि मेमरी बटणं, म्हणजे ठरवलेली उंची लक्षात ठेवणारी. ती नसलेलं टेबल घेऊच नका. उंची दर वेळी अंदाजाने लावावी लागली की माणूस लावणं सोडतो. चार बटणांपैकी पहिलं बसण्याचं, दुसरं उभ्याचं. तिसरं घरून काम करणाऱ्यांनी काम संपवण्यासाठी राखावं: टेबल अगदी वर, खुर्ची खाली ढकललेली, कीबोर्ड खांद्याच्या आसपास. त्या उंचीवर 'एकच मेल बघतो' जमत नाही, पुन्हा खाली आणायला मुद्दाम बटण दाबावं लागतं, आणि तेवढा अडथळा बऱ्याचदा पुरतो. टेबल आरामदायक झालं म्हणून रात्री आणखी दोन तास काम, हा या वस्तूचा खरा धोका आहे. आठवड्याला ५५ तास आणि त्याहून जास्त काम करणाऱ्यांमध्ये ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त, असा जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा २०२१ चा अंदाज आहे. उभ्याने केलेले तासही त्यात मोजले जातात.

देखभाल थोडी आहे. सहा महिन्यांनी सगळे बोल्ट एकदा आवळायचे, नळ्या कोरड्या फडक्याने पुसायच्या, तेल-ग्रीस स्वतःहून घालायचं नाही, कारण त्यावर धूळ बसून नळ्या अडकतात. वॉरंटीचा कागद नीट वाचा: फ्रेमची मुदत मोठी लिहिलेली असते, मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्सची वेगळी आणि छोटी. कंट्रोल बॉक्स आणि बटणांची पट्टी सुटी मिळते का, हे पैसे देण्याआधी लेखी विचारून घ्या. ती मिळत नसेल तर पट्टी बिघडल्यावर टेबल ज्या उंचीला असेल त्याच उंचीला राहील.