पाडव्याच्या शोभायात्रेसाठी नऊवारी आणि फेटा भाड्याने घेताय? मग हे ड्रेपरीचं दुकान आधी बघा

डोंबिवलीत पाडवा म्हटला की शोभायात्रा आलीच, १९९९ पासून गणेश मंदिर संस्थानाची यात्रा निघते आणि त्या सकाळी फडके रोडला अख्खं गाव नटून उतरलेलं असतं. आमच्या घरातून यंदा तिघं होतो, मी बाईकवाल्या बायकांच्या ग्रुपमध्ये, लेक लेझीमला आणि धाकटा चित्ररथावर मावळा. तिघांची ड्रेपरी ह्याच दुकानातून घेतली म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण भाड्याच्या कपड्यांचे रिव्ह्यू बघायला गेलं की नुसतं 'कलेक्शन छान आहे' एवढंच सापडतं आणि त्याचा घेणाऱ्याला काडीचा उपयोग नसतो.

कलेक्शन इथेही छान आहे पण मला आवडली ती ट्रायल घ्यायची पद्धत. शिवलेली नऊवारी अंगावर चढवली की बाकी दुकानात आरशासमोर उभं करतात, फोटो काढा म्हणतात आणि बिल फाडतात. इथल्या काकूंनी मला आधी सांगितलं, "ताई, मांडी घालून बसा, आता उठा, आता त्या स्टुलावर पाय टाकून बाईकवर बसल्यासारखं बसा." बसले तर मागचा काष्टा ताणला जात होता, त्यांनी लगेच ती साडी बाजूला ठेवली आणि मोठ्या घेराची दुसरी काढली. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, ते नेसताना जे सैल सोडता येतं ते शिवलेल्यात आधीच ठरून गेलेलं असतं, त्यामुळे बसून बघितल्याशिवाय कळतच नाही. इथल्या साड्यांना नुसतं इलॅस्टिक नाही, कमरेला नाडी आणि हूक दोन्ही आहे, निऱ्या आतून टाके घालून पक्क्या केल्यात आणि पदराला खांद्यावर दोन ठिकाणी पिना मारून उरलेला कमरेला खोचून देतात. बाईकवर बसणाऱ्या बायकांनी हे नक्की करून घ्या, मोकळा पदर चाकात जायला वेळ लागत नाही!!

प्रकार भरपूर आहेत, ओचा असलेली ब्राह्मणी, पेशवाई, लावणीची, कोळी. पेशवाईचं कापड सुंदर आहे पण जड आहे, मार्च-एप्रिलच्या उन्हात चार तास घालायचं असेल तर कॉटन सिल्कवाली घ्या. भाडं साडीला ५०० आणि डिपॉझिट १००० घेतलं, चिठ्ठीवर साडीला आधीपासून असलेला बारीक डाग आणि काठाचा एक उसवलेला टाका आपणहून लिहून दिला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण मागे एका दुसऱ्या दुकानाने आधीच फाटलेल्या अस्तराचे पैसे आमच्या डिपॉझिटमधून कापले होते आणि आमच्याकडे दाखवायला काही कागदच नव्हता. इथे परत करताना पाच मिनिटांत पूर्ण पैसे हातात. कपडे धुतलेले होते, घामाचा वास अजिबात नाही, ब्लाऊजच्या काखेपाशी मुद्दाम हुंगून बघितलं मी.

फेटा दोन्ही प्रकारचा मिळतो, तयार टोपीसारखा आणि डोक्यावर बांधून देतात तो. तयार स्वस्त पडतो पण वाऱ्याला हलतो आणि कपाळावर सरकतो, बांधलेलाच घ्या. पाडव्याला पहाटेपासून फेटे बांधणारे दोघंजण दुकानात बसलेले असतात, आम्ही पाचला गेलो तेव्हाच रांग होती, त्यामुळे वेळ आधीच घेऊन ठेवा. केसांचा खोपा घालणार असाल तर फेटेवाल्या दादांना आधी सांगा, ते तसा बांधतात.

धाकट्याचं सांगते. मावळा म्हटल्यावर पुणेरी पगडी आणि चकचकीत शेरवानी देणारे महाभाग मी बघितलेत, शिवरायांचा काळ १७ व्या शतकातला, पुणेरी पगडी पुष्कळ नंतरची, पण विचारतो कोण. इथल्या काकांनी गुडघ्याच्या जरा खाली येणारी चोळणी, बाराबंदी, कमरेला शेला आणि डोक्याला साधं मुंडासं दिलं, आणि पोराला समजेल असं सांगितलंही की डोंगर चढणाऱ्या माणसाला असेच कपडे लागतात. पोरगं इतकं खूश झालं की यात्रेत भेटेल त्याला तेच ऐकवत होतं. तलवार लाकडी आहे, टोक गोल घासलेलं आणि ढाल हलकी, लहान मुलाला झेपते.

दोन गोष्टी सुधारायला हव्यात. मुलांच्या मिशा स्पिरिट गमने चिकटवतात, त्याने नाजूक कातडीची आग होते, आम्ही काजळाने मिशी काढली आणि तीच घामात फिसकटली तरी पुन्हा काढता आली. दुसरं म्हणजे दागिने. ठुशी, कोल्हापुरी साज, बाजूबंद ठीक आहेत पण चापाच्या नथीचे चाप सैल झालेत, लेकीची नथ लेझीम खेळताना दोनदा पडली. नथ स्वतःची न्या.

शाळेच्या गॅदरिंगचं, गोकुळाष्टमीला राधा-कृष्णाचं सामान बाराही महिने असतं. कॉमिक्स-कार्टूनमधल्या पात्रांचे वेश करून कॉमिक कॉनच्या मेळ्याला जाणाऱ्या कॉलेजच्या मुलांनी मात्र इथे यायची तसदी घेऊ नका, ॲनिमेचे (जपानी कार्टूनचे) विग आणि फोमची चिलखतं ह्यांच्याकडे नाहीत आणि काका ते स्पष्ट सांगून मोकळे होतात.

शिवजयंतीच्या आठवड्यात लहान मुलांचे साइज लगेच संपतात, त्यासाठी जानेवारीतच जा. पाडव्याचं बुकिंग होळीच्या आधी करा आणि ट्रायलला जाताना जी चप्पल घालणार आहात तीच घालून जा, साडीची उंची त्यावर ठरते. दुकान दुपारी एक ते चार बंद असतं.