पहिला एकथरी नमुना: मॉलिब्डेनम डायसल्फाइड की टंगस्टन डायसेलेनाइड?

चिकटपट्टीने क्रिस्टलचे अतिपातळ थर सोलायला हात बसला की लगेच प्रश्न येतो, पीएल (फोटोल्युमिनेसन्स, म्हणजे लेझर पाडल्यावर पदार्थाने सोडलेला उजेड) मोजायला क्रिस्टल कोणता घ्यावा? मी दोन्हींवर काम केलंय, म्हणून सांगतो.

मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. एका थरावर आलं की बँडगॅप (इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्यांमधलं अंतर) डायरेक्ट होतो, म्हणजे पदार्थ सहज उजेड सोडू लागतो, हे 2010 साली याच पदार्थात दिसलं, त्यामुळे आपला वर्णपट ताडून बघायला मोजमापांची कमतरता नाही. थर मोजणंही सोपं. रामन वर्णपटात (विखुरलेल्या लेझरप्रकाशातून अणूंची कंपनं दाखवणारा वर्णपट) दोन शिखरांतलं अंतर एका थरात साधारण 19 सेंमी⁻¹, जाड तुकड्यात 25 च्या आसपास. टंगस्टन डायसेलेनाइडमध्ये दोन्ही शिखरं 250 पाशी एकमेकांवर बसतात, तिथे ही युक्ती चालत नाही.

तरी मी टंगस्टन डायसेलेनाइडकडे वळलो ते एका त्रासामुळे. मॉलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये गंधकाचे अणू जागोजागी गळालेले असतात आणि जादा इलेक्ट्रॉन बहुतेक नमुन्यांत असतातच. त्यामुळे एक्सायटॉनसोबत (इलेक्ट्रॉन आणि त्याच्या रिकाम्या जागेची जोडी) ट्रायॉनही (त्या जोडीला चिकटलेला आणखी एक इलेक्ट्रॉन) चमकतो. दोघांत अंतर जेमतेम 30 मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि खोलीच्या तापमानाला शिखराची रुंदी त्याहून जास्त. हाती येतो तो एका अंगाला कललेला उंचवटा. माझ्या एका फ्लेकवर (सोललेल्या तुकड्यावर) तो काठापाशी 1.84 इलेक्ट्रॉनव्होल्टला होता, मध्यावर 1.87 ला. हा ताणाचा परिणाम, खालच्या ऑक्साइडचा की जादा इलेक्ट्रॉनांचा? लेझरची शक्ती वाढवली तर तो आणखी सरकायचा. कित्येक आठवडे मी फक्त वक्र बसवत होतो.

टंगस्टन डायसेलेनाइडचा पहिला चांगला एकथर मिळाला तेव्हा 750 नॅनोमीटरला एकच सरळ शिखर उभं राहिलं, तेही सेकंदभराच्या एक्स्पोजरमध्ये. थर एकच आहे हे त्या उजेडावरूनच कळलं.

थंड करणार असाल तर मात्र थोडं थांबा. टंगस्टन डायसेलेनाइडची सर्वांत खालची एक्सायटॉन पातळी अंधारी असते, म्हणजे तिथून उजेड सहज निघत नाही, त्यामुळे तापमान उतरलं की उजेड मंदावतो आणि खाली बारीक रेषांची गर्दी होते. एकेक फोटॉन सोडणारे बिंदू 2015 मध्ये याच पदार्थात सापडले, तिकडे जायचं असेल तर ही गर्दीच कामाची. स्वच्छ, अरुंद रेषा हव्या असतील तर मॉलिब्डेनम डायसेलेनाइड बघावं, ते थंडीत उजळतं.

षट्कोनी बोरॉन नायट्राइडमध्ये (सपाट, विद्युतरोधक क्रिस्टल) थर गुंडाळायची सोय असेल तर मॉलिब्डेनम डायसल्फाइडबद्दलची माझी तक्रार बरीच सौम्य होते, हे मान्य. ती नसेल आणि काम खोलीच्या तापमानाचं असेल तर मी तरी टंगस्टनवालाच घेईन. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा तुकडाही जवळ असू द्यावा, रामनची जुळणी तपासायला मी अजून तोच काढतो.