बोलिंग लेनचं जुनं लाकूड वर्कबेंचसाठी: घ्याच, पण मेपलवालाच तुकडा घ्या

डेट्रॉइटच्या आसपास राहून गॅरेजमध्ये सुतारकाम करणारे आपले बरेच लोक आहेत, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय. इकडे जुनं बोलिंग सेंटर बंद पडलं की त्याच्या लेन, म्हणजे बॉल गडगडवत नेऊन टोकाला उभ्या बाटलीसारख्या पिना पाडायच्या त्या लांब लाकडी वाटा, कापून विकायला येतात आणि जाहिरातीत "बोलिंग अ‍ॅली वुड" एवढंच असतं, पुढचं कोणी काही सांगत नाही. मी जुन्या इमारतींचं सामान विकणाऱ्या एका वखारीतून आठ फुटी तुकडा घेतला, फुटाला ४० डॉलर पडले, लेनची पूर्ण रुंदी म्हणजे साडेएक्केचाळीस इंच आणि जाडी अडीच इंचाच्या आसपास. एवढा जाड मेपलचा (हे इकडचं एक कडक, फिकट लाकूड) टॉप नवीन घ्यायला जा, भाव ऐकूनच परत याल. वर्कबेंच, म्हणजे सुतारकामाचं टेबल, म्हणून मी याला पैकीच्या पैकी देते. डायनिंग टेबल म्हणून नाही देणार, ते पुढे सांगते.

आधी लाकूड समजून घ्या कारण सगळी किंमत त्यातच आहे. फाउल लाइनपासून (बॉल टाकताना जी रेष ओलांडायची नसते ती) पहिल्या पिनपर्यंत लेन ६० फूट असते पण अख्खी एका लाकडाची नसते. सुरुवातीच्या साधारण १५ फुटांत बॉल येऊन आपटतो, १६ पौंडांपर्यंतचा असतो तो, म्हणून तिथे हार्ड मेपल. शेवटी पिना उभ्या करतात तिथेही मेपल, कारण दीड-दीड किलोच्या पिना त्यावर धडाधड पडतात. मधल्या लांब भागात बॉल नुसता घसरत आणि गडगडत जातो, तिथे मार कमी, म्हणून पाइन. म्हणजे लेनचा बहुतेक भाग पाइनच असतो आणि विकायलाही तोच जास्त येतो! पाइन वाईट नाही, शेल्फला वगैरे छान, पण बेंचवर हातोडी निसटली की खड्डा पडलाच म्हणून समजा. मेपल आपल्या सागापेक्षाही कडक आहे, फक्त सागासारखं पावसापाण्यात टिकत नाही, तेव्हा डेकवर ठेवायचं टेबल यातून करायला जाऊ नका.

ओळखायला सोपं आहे. नेम धरायला जे सात बाण असतात ते मेपलच्याच भागात येतात. मेपल फिकट आणि एकसारखं दिसतं, पाइन पिवळसर-लालसर आणि रेषा एकदम ठळक. आणि दोन्ही लाकडं जुळतात तो सांधा तर बघतच राहावा असा असतो, एक पट्टी पुढे एक मागे अशा, बोटांत बोटं गुंतवल्यासारख्या. माझ्या तुकड्यात बाण आहेत, सांधा नाही, तो मिळाला असता तर जास्त पैसेही दिले असते मी.

आता खरा त्रास, खिळे. लेनमध्ये साधारण इंचभर रुंदीच्या ३९ पट्ट्या कडेवर उभ्या ठेवून एकीला दुसरी आडवे खिळे मारून ठोकलेली असते, जुन्या लेनमध्ये डिंक शोधू नका, सगळा भार खिळ्यांवर. आणि ते आतून आडवे गेलेले असल्यामुळे काढताच येत नाहीत. वखारवाल्याने "मेटल सगळं काढलंय" असं सांगून दिलं, आणि घरी आणून उलटं केलं तर खाली स्क्रूची रांगच्या रांग, शिवाय आतले खिळे आहेत ते आहेतच. हे मला अजिबात आवडलं नाही, विकणाऱ्याने स्पष्ट सांगायला पाहिजे कारण साध्या पात्याने कोणी कापायला गेलं तर पातं तर जाईलच, एखादा दात उडून डोळ्यात जायचा. खिळ्यांसकट लाकूड कापायचं कार्बाइडचं पातं मिळतं तेच लावा, गॉगल घाला, आणि ठिणग्या उडतात म्हणून आजूबाजूचा भुसा आधी झाडून घ्या. हातातल्या सर्क्युलर सॉचं पातं एवढ्या जाडीत पूर्ण उतरत नाही, दोन्ही बाजूंनी कापावं लागतं. कापलेलं टोक बघा मग, फिकट लाकडात खिळ्यांचे चंदेरी ठिपके चमकतात, एखादा खिळा उभा चिरला गेला असेल तर बारीक रेघ दिसते. मी ते टोक तसंच उघडं ठेवलंय.

लांबीत मात्र शक्यतो चिरू नका. कडेची पट्टी तिच्या खिळ्यांवर धरलेली असते, तेच कापले की ती सुटायला लागते. रुंदी कमी करायचीच असेल तर कडेला नवीन पट्टी डिंक आणि स्क्रू लावून बसवा.

खिळ्यांमुळे प्लेनरमध्ये, म्हणजे रंधा मारायच्या मशीनमध्ये, घालायचा तर प्रश्नच नाही. बेल्ट सँडरवर ४० नंबरचा पॉलिश पेपर, तोही जुन्या कोटिंगने भराभर चिकटून जातो, मास्क लावून बसा. वरची बाजू इतकी सपाट असते की मला फक्त कोटिंग काढावं लागलं, खालची बाजू मात्र खडबडीत, पायांच्या फ्रेमवर चकत्या घालून लेव्हल करावी लागली.

वजनाचं म्हणाल तर आठ फूट पूर्ण रुंदीचा मेपलचा तुकडा ११५-१२० किलोच्या घरात जातो. चार दणकट माणसं लागतातच, आमच्याकडे मित्रमंडळी आली, पोटभर मिसळ खाऊन गेली. पण हेच वजन बेंचला सोनं आहे. पटाशीने खाच मारताना किंवा रंधा जोरात ढकलताना बेंच तसूभर हलत नाही, आधीचं प्लायचं बेंच प्रत्येक ढकलीला भिंतीकडे सरकायचं. वाइस, म्हणजे लाकूड पकडून ठेवायचा शिकंजा, बसवायलाही ही जाडी उत्तम. अडचण एकच, क्लॅम्पसाठी वरून आरपार भोकं पाडायला गेलात की ड्रिल खिळ्यावर आपटतंच, मी दोन-तीन ठिकाणी जागा बदलून पाडली आणि बाकी कडेला क्लॅम्प लावते.

डायनिंग टेबलाला माझा विरोध एवढ्यासाठीच की इकडच्या थंडीत हीटरने हवा सुकली की पट्ट्यांमध्ये बारीक फटी पडतात, त्यात पोळीचा चुरा, आमटी जाणार, आणि जागा बदलायची म्हटलं की परत चार माणसं. बाणांचा तीन-चार फुटी तुकडा सेंटर टेबलाला मात्र फार सुंदर दिसतो.

१९८०च्या दशकापासून बऱ्याच ठिकाणी लाकडी लेनवरच सिंथेटिक पॅनेल स्क्रूने बसवली, ती खालची लाकडं आता बाहेर निघतात तेव्हा वर स्क्रूची भोकं असतात. म्हणून जायच्या आधी फोन करून तीन फोटो मागवा, वरचा, खालचा आणि कापलेल्या टोकाचा, आणि तुकडा फाउल लाइनकडचा, मधला की पिनांखालचा ते थेट विचारा. "ते काय सगळं सारखंच असतं" असं उत्तर आलं तर गाडी काढू नका.