नमुना खरा, गठ्ठा खोटा : खंबायती अकीकाच्या खरेदीत झालेली फसवणूक

मी बेळगावात शहापूर भागात राहते आणि गेली सहा वर्षे घरी मण्यांचे दागिने करून विकते. सुरुवात शेजारपाजारच्या बायकांची मंगळसूत्रे गाठवून देण्यापासून झाली, पुढे मोत्यांच्या आणि काचमण्यांच्या माळा करू लागले आणि हळूहळू त्यावर घरखर्चाचा बराच भाग चालू लागला. या वर्षी मार्च महिन्यात दगडी मण्यांच्या खरेदीत माझी फसवणूक झाली. माझ्यासारखाच उद्योग करणाऱ्या निपाणी आणि खानापूर इथल्या दोघींकडेही अगदी तशाच पद्धतीने बांधलेला माल आल्याचे नंतर समजले, म्हणून काय घडले ते तपशिलाने लिहीत आहे.

या प्रकरणाचे मूळ एका हौसेत आहे, आणि त्या हौसेचा फायदा घेतला गेला, म्हणून ती आधी सांगते. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तिथे १९४५-४६ मध्ये झालेल्या उत्खननातल्या सातवाहनकालीन वस्तू टाऊन हॉल संग्रहालयात ठेवल्या आहेत. त्यांतले मणी पाहिल्यापासून तांबूस नारिंगी अकीक हा दगड माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. माझ्या आजीच्या गळ्यात जोंधळी पोत असे, म्हणजे जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या बारीक सोन्याच्या मण्यांची पोत. अकीकाच्या दर पाच मण्यांनंतर पितळेवर सोन्याचे पाणी दिलेले तसलेच तीन बारीक दाणे घालायचे, हुपरीहून आणलेला चांदीचा हूक लावायचा आणि दोनसरी माळ करायची, असे मी ठरवले. असा दागिना आपल्या भागात कोणी करत नव्हते आणि तो करून पाहण्याची मला फार ओढ होती.

इन्स्टाग्रामवर गुजरातमधल्या खंबायतचा माल विकणाऱ्या एका विक्रेत्याचे पान मला दिसले. अकीकाला पैलू पाडणे आणि भोके पाडणे हे काम खंबायतमध्ये फार जुन्या काळापासून चालत आले आहे, तिथला कच्चा दगड भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरकडून येतो आणि तापवल्यावर त्याचा रंग अधिक लाल होतो, एवढे मला ठाऊक होते. त्या पानावर भट्टीचे आणि मणी घासणाऱ्या कारागिरांचे व्हिडिओ होते. मी विचारणा केली तेव्हा पलीकडच्या माणसाने आधी किंमत सांगितली नाही. मी काय करणार आहे, कल्पना कुठून सुचली, हे त्याने विचारले आणि मी मोकळेपणाने सगळे सांगून टाकले. दुसऱ्या दिवशीपासून तो सातवाहनकाळ, प्राचीन व्यापार, पिढीजात कारागीर अशाच शब्दांत बोलू लागला. मला जे ऐकायचे होते तेच तो मला परत ऐकवत होता, हे आता स्पष्ट दिसते. त्या वेळी मात्र आपल्या कामाची कदर असलेला माणूस भेटला, असे वाटले.

मी आधी ८ मिलिमीटरच्या मण्यांच्या तीन लडी नमुन्यासाठी मागवल्या, दर लडीला ४२० रुपये. नमुना उत्तम होता. मणी हाताला गार लागत होते, उजेडात धरल्यावर आतल्या रंगाचे ढग दिसत होते आणि सुरीच्या टोकाने ओरखडा उठत नव्हता. त्या भरवशावर भिशीचे पैसे घालून मी ६० लडी ३८० रुपये दराने मागवल्या आणि २२,८०० रुपये यूपीआयने आगाऊ भरले. आगाऊ पैशांची अट त्याने नम्रपणे, कारागिरांना मजुरी द्यावी लागते असे सांगून घातली होती. खंबायतमध्ये अकीक घासताना उडणाऱ्या धुळीने कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार जडतो, हे मी वाचले होते, त्यामुळे त्यांच्या मजुरीत घासाघीस करणे मला योग्य वाटले नाही. ज्यांच्या कष्टांचे नाव पुढे करून पैसे घेतले, त्या कारागिरांपर्यंत त्यातला एक रुपयाही पोहोचला नसणार, याचे मला आजही माझ्या नुकसानीइतकेच वाईट वाटते.

माल दहा दहा लडींच्या सहा गठ्ठ्यांत आला. प्रत्येक गठ्ठा दोन्ही टोकांना दोऱ्याने घट्ट बांधून वर पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळलेले होते. वरची लड पाहिली, खालची पाहिली, दोन्ही नमुन्यासारख्याच होत्या, म्हणून मी गठ्ठे सोडलेच नाहीत. माझी खरी चूक ती होती. पुढे लागेल तशा लडी काढत गेले. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली ओवायला बसायचे, माळ ओवायची गिअर वायर आणि लॉक यांकडे लक्ष असायचे, आणि एका घरातून आलेला माल एकच असणार, हे मी गृहीत धरले होते. १,८५० रुपयांप्रमाणे नऊ माळा विकल्या गेल्या आणि प्रत्येकीसोबत ‘खंबायतचा अस्सल अकीक’ असे छापलेले कार्ड मी स्वतः दिले.

मे महिन्यात खानापूरच्या एका लग्नाहून आलेल्या शिक्षिका माझ्या दारात उभ्या राहिल्या. त्यांनी पिशवीतून मोतिया रंगाचा ब्लाउज काढला. गळ्याभोवती घामाबरोबर उतरलेल्या लालसर डागांची ओळ होती. त्या रागावल्या नाहीत, एवढेच म्हणाल्या, “काकू, तुम्ही दगड म्हणाला होता, दगडाचा रंग असा जातो होय?” मला उत्तर देता आले नाही.

त्याच दुपारी मी त्यांची माळ तोडली आणि एक मणी वरवंट्याने फोडला. आत तो खडूसारखा पांढरा होता, रंग फक्त वरच्या पापुद्र्यात होता. मग उरलेले गठ्ठे सोडून आणि विकलेल्या माळा परत मागवून मी एकेक लड तपासली. साठांपैकी बारा लडी खऱ्या निघाल्या, म्हणजे प्रत्येक गठ्ठ्यातल्या फक्त वरच्या आणि खालच्या. एकतीस लडी रंगवलेल्या मऊ पांढऱ्या दगडाच्या होत्या आणि सतरा चक्क रेझिनच्या, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकच्या.

तपासणीच्या या रीती सोप्या आहेत आणि माल हातात पडताच त्या करायला हव्या होत्या. अकीकाची कठीणता दगडांसाठीच्या मोह्झच्या मापावर सुमारे ७ आणि साध्या सुरीच्या पोलादाची साधारण साडेपाच असते, त्यामुळे अकीकावर सुरी चालत नाही. बनावट फिरोजा करण्यासाठी सर्रास रंगवला जाणारा हाउलाइट हा पांढरा दगड ३.५ च्या आसपास असल्याने भोकाजवळ टोक दाबताच पांढरी भुकटी निघते. नेलपॉलिश काढण्याच्या अ‍ॅसिटोनमध्ये कापूस बुडवून मणी घासला की कच्चा रंग बहुधा कापसावर येतो. रेझिनसाठी सोनाराचा छोटा वजनकाटा पुरतो : ८ मिलिमीटरच्या सुमारे पन्नास मण्यांची सोळा इंची लड अकीकाची असेल तर ३३ ते ३५ ग्रॅम भरते आणि प्लॅस्टिकची जवळजवळ निम्मी. रंगवलेला दगड मात्र वजनात अकीकाच्या जवळ जातो, त्यामुळे केवळ वजनावर विसंबून चालत नाही. दगडाला रंग देणे ही मुळात लबाडी नव्हे, हेही सांगायला हवे. पांढरा अकीक लोहक्षारात मुरवून तापवला की त्याला टिकाऊ लाल रंग येतो, तो उघडपणे विकलाही जातो आणि असा मणी मी सांगून विकत घेतला असता. मला खोटे सांगून तिसरीच वस्तू दिली गेली.

बिलही मी नंतरच नीट पाहिले. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात : कर्नाटकाचे २९, महाराष्ट्राचे २७, गुजरातचे २४. खंबायतच्या म्हणवणाऱ्या या बिलावरचा क्रमांक ०७ ने, म्हणजे दिल्लीच्या अंकांनी सुरू होत होता, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो भलत्याच धंद्यातल्या एका व्यापाऱ्याच्या नावावर निघाला. हे पाहायला दोन मिनिटे लागली. कारागिरांचे ते व्हिडिओसुद्धा दुसऱ्या एका पानावर दोन वर्षे आधीपासून होते.

विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली तेव्हा त्याने आधी माझ्यावरच माल बदलल्याचा आरोप केला आणि नंतर माझा क्रमांक बंद केला. १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली, परंतु पैसे भरून दोन महिने उलटले होते. खात्यातली रक्कम अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच खरी असते, म्हणून गठ्ठा आल्या दिवशीच सोडणे इतके महत्त्वाचे आहे. आपण माल विकण्यासाठी घेतो म्हणून आपण ग्राहक ठरत नाही, असे मला एकाने सांगितले होते, ते अर्धवट आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळलेली असली, तरी केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या आणि स्वतः वापरलेल्या वस्तू त्या वगळणुकीत येत नाहीत. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. मी ती केली आहे. बिलावरच्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस मात्र पत्ता सापडत नाही, या शेऱ्यासह परत आली आहे.

नऊही ग्राहकांना मी स्वतः फोन करून सगळे सांगितले होते. आठ जणींचे पैसे परत केले. त्या शिक्षिकांनी पैसे घेण्यास नकार दिला आणि खऱ्या मण्यांची माळ मागितली. उरलेल्या बारा लडींतल्या दोन मी त्यांच्यासमोर सोडल्या, मणी न् मणी सुरीने आणि अ‍ॅसिटोनने तपासला आणि ओवण्यापूर्वी सगळे अकीक त्यांनाच काट्यावर ठेवायला सांगितले. वजन ६८ ग्रॅम भरले, आणि नव्या कार्डावर मी तेवढेच लिहून दिले.